चारशे तीस सेव्ह केलेले फोटो, एक शिंकं आणि हलव्याचे दागिने : एका फोटोग्राफी विद्यार्थिनीच्या रिसर्चचं प्रकरण

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझी भाची रात्री नऊला स्टुडिओवर आली, लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "मावशी, रिव्ह्यूत फाईल परत दिली गं. म्हणाले हा मूडबोर्ड आहे, म्हणजे आवडलेल्या फोटोंचा नुसता कोलाज, रिसर्च नाही." ती पुण्यातच फोटोग्राफी शिकते, शेवटचं वर्ष, मूळची साताऱ्याकडची, कर्वेनगरला पीजीत राहते. मी सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर प्रॉडक्ट फोटोग्राफी करते, भांडी, मसाल्याची पाकिटं, दागिने, साड्या असलं सगळं, त्यामुळे अडलं की मावशीकडे जायचं हे घरात ठरलेलंच आहे. हे सगळं मी तिला विचारूनच लिहितेय. इन्स्पिरेशन शोधायचं म्हणजे नक्की काय करायचं या प्रश्नावर अडकलेली मुलं मला दरवर्षी भेटतात आणि त्यांना तोंडी सांगून पुरत नाही, एक अख्खं उदाहरण समोर असलं की समजतं.

काम असं होतं. दोन प्रोजेक्ट, एक स्टिल लाईफचा, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंचा, पाच फोटोंचा आणि एक फॅशनचा सहा फोटोंचा, आणि दोन्हीसोबत एक रिसर्च फाईल, की कोणाचं काम बघितलं, त्यातून काय घेतलं आणि का घेतलं. सबमिशन फेब्रुवारीअखेर. म्हणजे हातात दोन महिने.

तिच्याकडे पिंटरेस्टवर ४३० फोटो सेव्ह होते. मी नुसती स्क्रोल करत गेले. बेज रंगाची भिंत, संत्र्याची फोड, काचेचा ग्लास, कडक उन्हाची लांब सावली, परत बेज, परत संत्रं. फॅशनच्या बोर्डावर तेच, फक्त संत्र्याच्या जागी मुलगी. मी एकेकावर बोट ठेवून विचारलं हा कोणाचा, कधीचा, कुठला. ४३० पैकी २६ फोटोंचं नाव तिला सांगता आलं. इथे एक गोष्ट मला ठामपणे सांगायचीय, ही मुलगी आळशी नाही, दोन महिने रोज रात्री एक वाजेपर्यंत बसून तिने हे गोळा केलेलं, आणि परत आलेली फाईल बघून ती रडकुंडीला आलेली ते खरंच होतं. पण त्या ॲपचं कामच असंय की तुम्ही एक बेज फोटो ठेवलात की ते तुमच्यापुढे अजून पन्नास बेज ओततं, तुम्हाला वाटतं आपण शोधतोय, आणि प्रत्यक्षात आपण एकाच जागी उभे असतो.

पहिलं काम केलं ते म्हणजे त्यातले ४० फोटो निवडून टिळक रोडवर झेरॉक्सवाल्याकडून साध्या कागदावर ब्लॅक अँड व्हाईट काढून आणले. मुद्दाम ब्लॅक अँड व्हाईट, कारण रंग गेला की फोटोतली गोडी जाते आणि उरतो तो नुसता लाईट. मग प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने नकाशा काढायचा, वस्तू इथे, कॅमेरा इथे, लाईट कुठून आला असेल ते बाणाने. हे वाचायला कोणाला विचारावं लागत नाही, सगळं फोटोतच असतं. सावली कुठे पडलीय त्याच्या उलट बाजूला लाईट. सावलीची कड सुरीने कापल्यासारखी असेल तर लाईट छोटा किंवा लांब, म्हणजे ऊन किंवा उघडा फ्लॅश, आणि कड विरघळत गेली असेल तर लाईट मोठा आणि जवळ, म्हणजे खिडकी नाहीतर मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्यावर लावायचा पांढऱ्या कापडाचा डबा. लिंबावर, ग्लासवर, डोळ्याच्या बाहुलीत जो पांढरा ठिपका दिसतो ना, त्याचा आकार बघायचा, चौकोन असेल तर खिडकी किंवा बॉक्स, गोल असेल तर छत्री किंवा वाडग्यासारखा गोल रिफ्लेक्टर. ती खाली चटईवर कागद पसरून तीन तास बसली. चाळीसपैकी एकतीस नकाशे सारखेच निघाले, मागून डावीकडून कडक लाईट, कॅमेरा थोडा वरून. म्हणजे तिने एकच फोटो एकतीस वेळा सेव्ह केला होता. हे मी म्हटलं नाही, तीच म्हणाली.

मग ठरवलं की जिथून हे सगळं आलं तिकडे जायचं. स्टिल लाईफ म्हटलं की सतराव्या शतकातली डच चित्रं टाळून चालत नाही. विलेम काल्फ घ्या, अंधारी पार्श्वभूमी, एका बाजूने लाईट, चांदीचं भांडं आणि अर्धवट सोललेलं लिंबू, त्याची साल टेबलाच्या कडेवरून खाली लोंबतेय. त्या एका लिंबात तीन पोत आहेत, बाहेरची खडबडीत साल, आतला पांढरा स्पंजासारखा थर आणि ओला गर, आणि तिन्हीवर तोच लाईट तीन वेगळ्या तऱ्हेने बसतो. शेजारच्या अँटवर्पची क्लारा पीटर्स नावाची चित्रकार बाई तर भांड्याच्या फुगीर चकचकीत भागात स्वतःचं इवलंसं प्रतिबिंब रंगवून ठेवायची. हे बघून भाची एकदम म्हणाली, "मावशी, आपण तर भांड्यातलं आपलं प्रतिबिंब काढून टाकायला मरतो!" खरंय, माझं निम्मं आयुष्य त्यातच जातं. पण कोणी चारशे वर्षांपूर्वी तेच मुद्दाम ठेवलंय हे कळलं की चकचकीत वस्तूकडे बघायची नजर बदलते.

प्रकरण खऱ्या अर्थाने फिरलं ते मात्र स्पेनच्या एका चित्रापाशी. हुआन सांचेझ कोतान, साधारण १६०२ सालचं चित्र. दगडी खिडकीची चौकट, मागे ठार काळोख, वरून दोरीला टांगलेलं क्विन्स नावाचं पिवळं फळ, त्याच्या शेजारी जरा खाली टांगलेला कोबी, मग चौकटीवर कापलेलं खरबूज आणि कडेबाहेर डोकावणारी काकडी, सगळं मिळून वरून खाली उतरत जाणारी एक वळणदार रेघ. तिने विचारलं टांगलंय का पण? मी सांगितलं की फळं-भाज्या टिकाव्यात म्हणून तिकडे कोठीत अशा टांगून ठेवायचे. ती दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे शिंकंच की."

बास. एवढ्यासाठीच रिसर्च करायचा असतो असं मला वाटतं. चित्र स्पेनचं, पण ते बघून तिला आठवलं गावचं स्वयंपाकघर, आढ्याला टांगलेलं शिंकं, त्यात दह्याचं मडकं, मांजर आणि मुंग्यांपासून लांब. तिथेच माझ्या आईला फोन लावला, म्हणजे तिच्या आजीला. "आजी, आपलं शिंकं आहे का गं अजून?" पलीकडून आवाज आला, "माळ्यावर असंल बघ, उंदरानं खाल्लं नसंल तर." खाल्लं नव्हतं. पुढच्या शनिवारी एसटीने ते पुण्यात आलं, एका जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून. काथ्याचं, चार पदरी, वर एक गाठ आणि खाली मडकं बसायचं कडं, धुराने काळपट झालेलं, आणि नाकाजवळ नेलं की अजून चुलीचा वास.

फॅशनचं काय करायचं हा प्रश्न तोवर तसाच. तिचा मूळ प्लॅन होता कोरेगाव पार्कातल्या एका रंगीत भिंतीपुढे मैत्रिणीला उभं करून इंडो-वेस्टर्न कपड्यात सहा फोटो. वाईट नाही, पण हाच प्लॅन का, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. तेव्हा मी तिला अमेरिकन फोटोग्राफर इरविंग पेन बघायला लावला. लोक त्याला फॅशनवाला म्हणून ओळखतात, पण व्होग या फॅशन मासिकासाठी त्याने केलेलं पहिलं कव्हर, १ ऑक्टोबर १९४३ चं, त्यावर मॉडेलच नाहीये. चामड्याची बॅग, स्कार्फ, हातमोजे, लिंबं-संत्री, पुष्कराजाचा खडा. स्टिल लाईफ आहे ते! आणि पुढे १९७२ मध्ये त्याच माणसाने रस्त्यावर पडलेली सिगारेटची थोटकं उचलून आणून ती जुन्या राजवाड्याच्या खांबांसारखी भव्य दिसतील अशी टिपली. कपडे घातलेल्या बाईकडे आणि चुरगळलेल्या थोटकाकडे तो एकाच नजरेने बघतो, आकार काय, कड कुठे, मागची जागा किती रिकामी. तिच्या डोक्यात दोन प्रोजेक्ट दोन वेगळ्या कप्प्यांत होते, ते कप्पे इथे मोडले.

आणि नेमकी संक्रांत आली.

मंडईत जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जाऊन बघा म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. सुगडं लावलेली, बोरं, गाजरं, उसाचे करवे, हरभऱ्याच्या हिरव्यागार जुड्या, ओंब्या, तिळगूळ. आपल्याकडे बायका दरवर्षी सुगडात स्टिल लाईफ मांडतात आणि आपण ते बघायला हॉलंडला जातो. भाची सकाळी सातला गेली, कॅमेरा पिशवीत, आधी अर्धा तास नुसती बघत फिरली. एका भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "काय शोधतीस गं पोरी?" ही म्हणाली टांगता येईल असं काहीतरी. त्यांनी हरभऱ्याची जुडी उलटी धरून दाखवली, मुळं वर, घाटे खाली, आणि तोच पुढे तिसरा फोटो झाला.

तिथून परत येताना तुळशीबागेत तिला हलव्याचे दागिने दिसले. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला आणि बाळाला बोरन्हाणाला घालतात ते, काळ्या कपड्यावर पांढरेशुभ्र. खसखस नाहीतर तिळावर साखरेचा पाक थेंबथेंब चढवत मंद आचेवर परातीत हाताने फिरवत बसायचं, तेव्हा कुठे त्या दाण्याला काटा येतो. म्हणजे बघा, खायची वस्तू, ती दागिना झाली, ती अंगावर गेली. स्टिल लाईफ आणि फॅशन एकाच धाग्यात ओवलेलं. पेनचं कव्हर बघितलं नसतं तर ती या दुकानासमोरून सरळ पुढे गेली असती हे तिनेच फाईलमध्ये लिहिलंय. सहा फोटोंचा विषय जागच्या जागी ठरला, काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने, मॉडेल तिचीच मैत्रीण, आणि मागे काही नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते, कारण रिसर्च वहीत राहिला तर उपयोग नाही.

शिंक्याच्या फोटोंसाठी प्लायवूडची एक चौकट केली, दोन बाय तीन फूट, आत मॅट काळा रंग. लाईट माझ्या उत्तरेच्या खिडकीचा. आपल्याकडे हिवाळ्यात उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही, दिवसभर मऊ आणि एकसारखा लाईट राहतो, फक्त लक्षात ठेवायचं की पुणं साडेअठरा अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भरदुपारीसुद्धा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि तेव्हा याच खिडकीत ऊन शिरतं. युरोपातल्या पुस्तकात नॉर्थ लाईट वाचून पुण्यात जूनमध्ये शूट लावलंत तर फसाल. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, एफ ११, शटर अर्धा सेकंद उघडं. आणि पहिल्याच दिवशी कळलं की एका दोरीला टांगलेली वस्तू कधीच स्थिर राहत नाही. पंखा बंद, दार बंद, श्वास रोखून उभ्या दोघी, तरी वांगं आपलं हळूहळू फिरतंय. अर्ध्या सेकंदात ते पुसट होतं. शेवटी मागच्या बाजूने नायलॉनचा पारदर्शक दोरा लावून चौकटीला ताण दिला तेव्हा कुठे थांबलं. कोतानला ही अडचण नव्हती, तो रंगवत होता.

मडक्याचा फोटो मला स्वतःला सगळ्यात आवडतो. दही लावलेलं मातीचं मडकं शिंक्यात ठेवून तासभर झाला तेव्हा मडक्याला बाहेरून घाम फुटला, खालच्या अर्ध्या भागात माती गडद झाली आणि ओल्या-कोरड्याची एक वाकडीतिकडी रेघ उमटली. तिने कॅमेरा बंद केलेला होता, ती रेघ बघून धावत आली आणि परत लावला. ठरवून असं काही मिळत नाही, पण तासभर एकाच वस्तूकडे बघत बसायची सवय असली तर ते दिसतं तरी.

तांब्याच्या भांड्याने मात्र आम्हाला दमवलं. आधी ती केळकर संग्रहालयात जाऊन आली, नातूबागेतल्या, कारण जुन्या वस्तूंचे आकार डोळ्यांत बसायला त्याहून चांगली जागा पुण्यात नाही. दिनकर केळकरांनी, जे अज्ञातवासी नावाने कविताही करायचे, आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने हा संग्रह उभा केला, दिवे, अडकित्ते, भांडी, रोजच्या वापरातल्या हजारो वस्तू. तिने तिथे वहीत नुसते अडकित्त्यांचे आकार काढले, दोन पानं भरून. सुपारी कातरायच्या वस्तूला इतके आकार द्यावेसे वाटले माणसांना, यावर आम्ही त्या दिवशी खूप वेळ बोलत बसलो. मग कसब्यात तांबट आळीत गेलो, मठाराचा, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी खळगे पाडलेला, एक गडवा घ्यायला. तिथे एक काका लोखंडी टोकावर भांडं अडकवून हातोडीचा एकेक ठोका ओळीने देत होते, भांडं दुसऱ्या हाताने केसभर फिरवायचं, ठोका, फिरवायचं, ठोका, नजर भांड्यावर नाहीच, दाराबाहेर. हे ठोके नुसते शोभेला नसतात, ठोकून तांबं कडक होतं, भांड्याला ताकद येते. भाचीने विचारलं, "काका, फोटोत हे नीट दिसायला काय करू?" ते म्हणाले, "ताई, एका जागी ठेवून नाही दिसत ते, फिरवून बघायचं."

ते अगदी बरोबर होतं. मठाराचा प्रत्येक खळगा म्हणजे एक छोटा आरसा, त्यामुळे समोर एक सॉफ्टबॉक्स लावला की गडव्यात दोनशे सॉफ्टबॉक्स दिसतात. तिने मैत्रिणीकडून पोलरायझर फिल्टर आणला, तो काचेची आणि पाण्याची चमक मारतो तर तांब्याचीही मारेल म्हणून, आणि फिरव फिरव फिरवला, काही फरक नाही. धातूवरून परत येणारी चमक काचेसारखी पोलराईझ होत नाही, म्हणजे तिच्या लहरी एका दिशेत बसत नाहीत, त्यामुळे तो फिल्टर तिथे चालत नाही, जरीवरही नाही, हे तिला त्या संध्याकाळी जे पटलं ते वाचून पटलं नसतं. चकचकीत वस्तूचा फोटो म्हणजे ती वस्तू ज्याच्याकडे बघतेय त्याचा फोटो. म्हणून गडव्यासमोर जे हवं ते उभं करायचं. खिडकीला अख्खा ट्रेसिंग पेपर ताणून लावला, उजवीकडे काळा कार्डपेपर, आणि गडवा काकांनी सांगितल्यासारखा थोडाथोडा फिरवत राहिलो, तेव्हा एका जागी खळग्यांची उतरती रांग उजेडातून अंधारात जाताना दिसली. आणि चिंच-मीठ लावून पूर्ण लख्ख नाही केला, गळ्यापाशी काळपट ठेवला, नाहीतर तांबं प्लास्टिकसारखं दिसतं.

हलव्याच्या फोटोंची अडचण उलटी. काळी साडी आणि पांढरी साखर, कॅमेऱ्याला जिकडेतिकडे काळं दिसतं म्हणून तो लाईट वाढवतो आणि हलव्याचे काटे जळून सगळं पांढरं सपाट होतं. पहिल्या दिवशीचे साठेक फोटो त्यातच गेले. मग एक्स्पोजर सव्वा-दीड स्टॉप खाली आणलं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि लाईट समोरून काढून पार बाजूला, जवळजवळ खांद्याच्या रेषेत नेला, तेव्हा प्रत्येक काट्याला आपली सावली मिळाली आणि काटा दिसायला लागला. मागचा पडदा तिने स्वतः केला, रविवार पेठेतून मांजरपाट आणलं, त्यावर राखाडी डिस्टेंपर स्पंजने. ही कल्पनाही पेनचीच, त्याने पॅरिसमध्ये मिळालेला एक जुना रंगवलेला नाटकाचा पडदा वर्षानुवर्षं वापरला.

एक फोटो वेगळा आहे. सावंतवाडीच्या चित्रकार हळदणकरांचं ते दिवा हातात धरलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र आपल्या सगळ्यांना कॅलेंडरवरून माहितीये, मूळ म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात आहे. एक हात ज्योतीपुढे आडवा, बोटांतून लालसर उजेड झिरपतोय. भाचीने पहिल्यांदा तसाच्या तसा हात लावून फोटो काढला आणि मीच म्हटलं हा ठेवायचा नाही. सुंदर होता, पण तो हळदणकरांचा होता. आमच्यात यावर बराच वाद झाला, ती म्हणाली मी नाव देतेय ना फाईलमध्ये. नाव देणं वेगळं गं, आणि आपलं काही घालणं वेगळं. मी एक साधा हिशोब सांगते, वस्तू, लाईट आणि मांडणी या तीनपैकी कोणाचं तरी एक घ्या, बाकीची दोन तुमची असू देत. तिने त्या चित्रातला फक्त लाईट ठेवला, खालून येणारा, ज्योतीचा पिवळा, आणि हात काढून टाकून मॉडेलला हलव्याचं कर्णफूल कानात घालताना टिपलं, मान वाकडी, नजर खाली, कानाजवळचे केस हलव्याच्या काट्यात अडकलेले. तो फोटो तिचा आहे.

नवीन फाईलमध्ये ४३० ऐवजी १४ नोंदी होत्या. प्रत्येक पानावर काय बघितलं, कोणाचं, कधीचं, मग पेन्सिलीचा लाईटचा नकाशा, मग 'हे घेतलं' आणि 'हे सोडलं'. सोडलं हा रकाना तिने स्वतःहून घातला आणि माझ्या मते फाईलमधलं सगळ्यात चांगलं लिखाण त्यातच आहे. १४ पैकी सहा नोंदी चित्रकार-फोटोग्राफरांच्या, बाकीच्या शिंकं, सुगड, मठार, अडकित्ते, मंडईतली जुडी अशा. सगळा खर्च चार हजारांच्या आत बसला, त्यात अर्धा गडव्याचा.

फायनलला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी स्टिल लाईफवर फार वेळ घालवला, शिंक्याची वरची गाठ कशी मारतात ते विचारलं, आणि हिला ते सांगता आलं कारण ती ती गाठ चार वेळा सोडून परत बांधून बसली होती. फॅशनच्या सहापैकी चार फोटो चांगले म्हणाल्या, दोन कमजोर, आणि मलाही तसंच वाटतं. एकात चंद्रकळेच्या निऱ्या खाली नीट पडल्या नाहीयेत आणि डोळा सारखा तिकडेच जातो, दुसऱ्यात तोपर्यंत दमट हवेने हलवा मऊ पडून काटे बसले होते.

ते दोन तिला परत करायचेत, मार्कांसाठी नाही. हलवा आता संक्रांतीशिवाय मिळायचा नाही म्हणून एका ओळखीच्या काकूंकडून थोडा करून घेऊन डब्यात तांदूळ घालून बंद ठेवलाय. आणि लाईट ती मुद्दाम वेगळा घेणारे, मेच्या मध्यानंतर माझ्या त्या उत्तरेच्या खिडकीत ऊन तिरकं शिरायला लागतं, तेवढ्या दिवसांपुरतं. तारीख तिने भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलीने गोल करून ठेवलीय. शिंकं अजून चौकटीतच टांगलेलं आहे, आजीने परत मागितलेलं नाही.